नवीन फायबर आलं, मग जुन्या राऊटरचं काय करायचं?

पाचगणीतल्या जुन्या दगडी बंगल्यांमध्ये वायफायचा एक ठरलेला वैताग असतो. राऊटर पुढच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत फोनवर रेंजची जेमतेम एक काडी. कंपनी बदला, प्लॅन वाढवा, फरक पडत नाही. कारण अडचण स्पीडची नसतेच, जाड भिंतीची असते. 2.4 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल भिंतीतून थोडाफार तरी जातो, 5 गिगाहर्ट्‌झचा वेगवान सिग्नल मात्र तिथेच मान टाकतो.

आता गंमत अशी, की यावरचा उपाय बहुतेक घरांत माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. नवीन फायबर घेतल्यावर काढून ठेवलेला जुना राऊटर!

आधी एक गोष्ट तपासा. तो राऊटर तुमचाच आहे ना? जुन्या कंपनीने डिपॉझिट घेऊन दिला असेल तर तो परत करून पैसे घ्या. तुमचा असेल, तर तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून वापरता येतो. म्हणजे इंटरनेट आणायचं काम नवीन राऊटरचं, जुन्याने फक्त मागच्या खोलीत वायफाय पसरवायचं. लँडलाइनच्या काळातला, टेलिफोनची वायर लागणारा मोडेम-राऊटरही यासाठी चालतो.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. नवीन राऊटरची केबल जुन्याला जोडली, की कधी नेट चालतं, कधी बंद पडतं. दोष केबलचा नसतो. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला राऊटर एक पत्ता देतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. हे वाटप करणाऱ्या सोयीचं नाव डीएचसीपी. एका घरात दोघं पत्ते वाटायला लागले, की गोंधळ ठरलेला. त्यात दोन्ही राऊटरचा स्वतःचा पत्ताही अनेकदा 192.168.1.1 असा एकच असतो.

म्हणून जोडण्याआधी जुना राऊटर रिसेट करा आणि केबलने लॅपटॉपला लावा. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ दिसला तर तो निवडा, काम तिथेच संपलं. नसेल तर वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका, डीएचसीपी बंद करा आणि राऊटरचा पत्ता बदला. नवीन राऊटर 192.168.1.1 असेल, तर जुन्याला 192.168.1.2 द्या. तोच आकडा नवीन राऊटर दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, एवढं पाहा. मग दोन्हीकडे लॅन पोर्टलाच केबल लावा. जुन्याचा वॅन पोर्ट मोकळा ठेवायचा, हे विसरू नका.

केबल 100 मीटरपर्यंत चालते, पण ती घरातूनच न्या. अंगणातून आउटहाउसपर्यंत उघड्यावर तांब्याची केबल ओढली, तर वळवाच्या विजांमध्ये दोन्ही राऊटर जळू शकतात. स्पीडबाबत फार आशा मात्र नको. जुन्या राऊटरचे पोर्ट बऱ्याचदा 100 एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे 300 चा प्लॅन असला तरी मागच्या खोलीत शंभराच्या आतच मिळेल. ऑनलाइन क्लासला तेवढं पुष्कळ झालं.

खरा धोका वेगळाच आहे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता, की अपडेट बंद झालेले जुने राऊटर हॅकर ताब्यात घेतात आणि त्यांच्याआडून गुन्हे करतात. म्हणजे उद्योग दुसऱ्याचे, आयपी अ‍ॅड्रेस तुमचा. नवीन राऊटरच्या मागे राहिल्याने जुन्यावरचा धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा, अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा. वायफायला डब्ल्यूपीए2 सुरक्षासुद्धा नसेल, तर तो राऊटर वापरूच नका. रिसेट करून जुने पासवर्ड पुसा आणि ई-कचऱ्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.