नगरसेवकाची हजेरी मोजायची कशी?

पुणे - नळाला पाणी आले नाही किंवा ड्रेनेज तुंबले, की नागरिक नगरसेवकाचे दार ठोठावतात. मात्र, त्या कामासाठी पैसा मंजूर होतो तो समित्यांच्या बैठकांत. तेथे आपला प्रतिनिधी उपस्थित होता का, हे फारसे कोणी विचारत नाही.

मुंबई वगळता राज्यातील महापालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. सर्व नगरसेवकांची मुख्य सभा महिन्यातून किमान एकदा होते. आर्थिक निर्णयांची सूत्रे मात्र १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे असतात. आयुक्त आपले अंदाजपत्रक प्रथम या समितीला सादर करतात आणि मोठ्या निविदाही येथेच मंजूर होतात. पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार सदस्य नेमले जातात. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये १६५ नगरसेवक निवडून आले. त्यांतील केवळ १६ जणांना एका वेळी 'स्थायी'त स्थान मिळते, त्यामुळे या पदांसाठी पक्षांत चुरस असते. विधी, शहर सुधारणा, महिला व बालकल्याण आणि क्रीडा या समित्यांसाठी तेवढा आग्रह क्वचितच दिसतो.

हजेरीबाबत कायदा कडक भासतो, प्रत्यक्षात तो सैल आहे. आजारपण किंवा सभेने मान्य केलेले कारण नसताना सलग तीन महिने मुख्य सभेला गैरहजर राहिल्यास नगरसेवकपद जाते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की अधूनमधून एखाद्या सभेला हजेरी लावली तरी पद शाबूत! हजेरीपत्रकावर सही करून थोड्याच वेळात सभागृहाबाहेर पडणारे 'माननीय' महापालिकेच्या वार्ताहरांना नवे नाहीत. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, तेव्हा कार्यपत्रिकेवरील विषयही लांबणीवर पडतात. सही म्हणजे सहभाग नव्हे. म्हणूनच मुंबईतील 'प्रजा फाउंडेशन' आणि पुण्यातील 'परिवर्तन' या संस्थांनी नगरसेवकांची प्रगतिपुस्तके तयार करताना हजेरीसोबत त्यांनी विचारलेले प्रश्नही मोजले.

पुणे महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाची राजवट होती. मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार या काळात एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. विषय मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असल्याने प्रश्न विचारायला सभागृहात कोणी उरलेच नव्हते.

हजेरीची नोंद आणि सभांचे इतिवृत्त नगरसचिव कार्यालयात असते. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कोणालाही त्याची प्रत मागता येते. अर्ज करताना केवळ हजेरीचे दिवस विचारू नयेत. लेखी प्रश्न, मांडलेले ठराव आणि उपसूचना यांचीही माहिती मागावी. प्रभाग समितीच्या बैठकांची नोंद तर आवर्जून पाहावी. पाणी, सांडपाणी आणि स्वच्छतेच्या स्थानिक तक्रारींसाठीच ही समिती आहे.