मराठवाड्याची वीज : येलदरी, परळी आणि किल्लारी

नांदेड-लातूरच्या विजेचा इतिहास हा बराचसा पाण्याचाच इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि खेड्यांत विजेचा पत्ता नव्हता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, मग खांब गावांकडे सरकू लागले. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाशी साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. धरण भरले तरच वीज, असा त्याचा साधा हिशेब.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६९ मध्ये, पालघरजवळच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातले हे पहिलेच. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या दोन अणुभट्ट्यांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती, ती पुढे १६० वर आणली गेली. त्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली. लातूरच्या मोंढ्यातला दिवा तारापूरच्या विजेवर जळतो की कोळशाच्या, हे राज्याच्या सामायिक जाळ्यात कोणाला सांगता येत नाही.

मराठवाड्याच्या पदरात कोळशावरचे केंद्र पडले ते परळीचे. १९७१ मध्ये तीस मेगावॅटच्या संचाने त्याची सुरुवात झाली, ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे आणि पुढे २५० मेगावॅटचे संच आले. कोळसा रेल्वेने आणता येतो, पाण्याचे तसे नाही. वाफ थंड करायला ते रोज लागते आणि परळीला ते गोदावरीच्या खोऱ्यातल्या बंधाऱ्या-धरणांतून मिळे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद पडले, २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला पिण्याचे पाणीच मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून आले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत चित्र उलटे : तिथे विजेवर गोदावरीचे पाणी उपसून शेतांना दिले जाते. एकीकडे पाण्यावाचून वीज अडते, दुसरीकडे विजेवाचून पाणी.

अणुवीज आणली तरी ही अडचण सुटत नाही. प्रचलित अणुभट्ट्यांतली वाफ आधुनिक कोळसा केंद्रातल्या वाफेपेक्षा कमी तापलेली असते, त्यामुळे तेवढ्याच विजेमागे अधिक उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणून देशातली अणुकेंद्रे समुद्राकाठी आहेत, नाही तर रावतभाटा, नरोरा, काक्रापार, कैगा यांसारखी भरवशाच्या पाण्याच्या आश्रयाला. मराठवाड्यात तसा आश्रय फारसा नाही.

तरीही अणुवीज आणि लातूर यांची गाठ पडली, ती भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धक्का बसला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात धरला जाई. २००२ च्या भारतीय मानकात तो पहिला पट्टाच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. जवळच्या निम्न तेरणा जलाशयावरही काही संशोधकांनी बोट ठेवले होते, पण ते मत सर्वमान्य झाले नाही.

किल्लारीच्या भूकंपाचे पडसाद रत्नागिरीतल्या जैतापूरपर्यंत गेले. तिथे फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प आखलेला होता. डिसेंबर २०१० मध्ये अरेव्हा कंपनीशी करार झाला आणि तीनच महिन्यांत फुकुशिमाचा अपघात घडला. २०११ मध्येच रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूशास्त्रज्ञांनी कोयना आणि लातूरच्या भूकंपांचा दाखला देत, तशा तीव्रतेचा धक्का जैतापूरजवळ बसणे अशक्य मानता येणार नाही, असे मांडले. प्रकल्पाचे समर्थक मात्र कोळशाच्या धुराविना चोवीस तास मिळणाऱ्या विजेचा मुद्दा पुढे करत राहिले. तो मुद्दा पोकळ नाही. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री रान भिजवायला लावणाऱ्या लोडशेडिंगचा अनुभव मराठवाड्याला भरपूर आहे. पण देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा अजून जेमतेम तीन टक्के आहे आणि कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने आता सौर कृषी वाहिनी योजनेवर भर दिला आहे. सौर पट्ट्यांना थंड करणारे पाणी लागत नाही, धूळ धुण्यापुरतेच पुरते.

अणुऊर्जा विभाग नांदेडच्या शेजारी आला आहे, पण विजेसाठी नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ त्याच्या पुढाकाराने लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जाणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.