पोटाचे माप

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो ते ठिकाण म्हणजे वडखळ. येथल्या नाक्यावर उतरलेला प्रवासी राइस प्लेट मागवतो, तेव्हा भाताचे माप हॉटेलवाल्याने आधीच ठरवलेले असते. भोवतालच्या खारेपाटात मात्र तांदळाला दोन प्रकारची मापे होती. खंडी, मण, पायली, अधोली ही कोठाराची मापे. मूठ आणि पसा ही चुलीपाशची. घरातील कोण आज शेतावरून दमून आला आहे, कोण नुकताच तापातून उठला आहे, हे पसाभर तांदूळ काढणाऱ्या हाताला ठाऊक असे. माणसाला किती अन्न पुरे, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास पाहिला तर त्यात या दोन मापांमधील ताणच दिसून येतो.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. सोलापूर, अहमदनगर, सातारा, कलादगी या जिल्ह्यांतील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठविले. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात याच टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य जीव वाचविले होते. पण त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. आता काटकसर हेच धोरण ठरले. दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य, आणि वर एक आणा एवढ्यात कष्टकरी पुरुष जगू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या भाषेत त्या धान्याचे उष्मांक सोळाशेच्या आसपास भरतात. दिवसभर दगड फोडणाऱ्याला ते पुरणारे नव्हते.

मुंबई इलाख्यात मजुरी घटताच हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसाने हाती असलेले काम सोडावे, यावरूनच त्या मापाची कल्पना यावी. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. तिकडे मद्रासेत आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपल यांना वैद्यकीय पुराव्यानिशी विरोध केला. श्रम करणाऱ्याला दीड पौंड धान्य हवे आणि त्याच्या जोडीला डाळ व भाजीही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर मद्रास सरकारने प्रमाण वाढविले. परंतु तोवर असंख्य माणसे मृत्युमुखी पडली होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या आणि अन्नाचे माप कायद्याच्या कागदावर आले.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न पुण्यात पुन्हा उभा राहिला. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दर माणशी रोज २२५० उष्मांक ही कसोटी धरून देशातील दारिद्र्य मोजले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी तीवर आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे त्यांनी मांडले. स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हेही ते आवर्जून सांगत. दांडेकरांनी त्यांना उत्तर दिले. शरीर जुळवून घेते एवढ्यावरून सरकार निर्धास्त होईल, ही टीकाकारांची भीती १८७७ आठवणाऱ्याला निराधार वाटणार नाही.

इस्पितळाच्या दारात मात्र माप अगदी उलट बाजूने शिकावे लागले. अतिकुपोषित मूल आणले, मग ते रायगडमधील कातकरी वाडीवरचे असो वा मेळघाटातले, की त्याला भरपूर भरवावे असेच कोणालाही वाटेल. पण खंगलेल्या शरीराला एकदम दिलेले अन्न प्राणघातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार पाच किलोच्या अशा मुलाला आरंभी दर दोन तासांनी सुमारे ५५ मिलिलिटर सौम्य दूध द्यावयाचे, रात्रीसुद्धा. रांगेचेही तसेच आहे. ज्याचा श्वास अडला आहे, जे मूल थंड पडले आहे, ते शेवटी आले तरी आधी पाहावयाचे. येथे आकडा आहेच. परंतु तो मुलाचे वजन आणि त्याची अवस्था पाहून ठरतो.

याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले. त्यांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि ती एकेक दाणा मोजून वाहत असे. वडील म्हणाले, एक तोळा तांदूळ मोजून घे आणि त्यावरून लाखाचा हिशेब कर. आईने मुलाला विचारले. दाणा मोजताना मन देवापाशी असते, तो नुसता हिशेब नव्हे, अशा आशयाचे उत्तर विनोबांनी दिले.

वडिलांचे गणित चुकीचे नव्हते. सरकारला आणि इस्पितळाला तोळ्याचाच हिशेब करावा लागतो. कॉर्निश यांनीही टेंपल यांच्या आकड्याला आकड्यानेच उत्तर दिले होते. पण त्या आकड्यामागे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली माणसे होती. तोळ्यावरून लाखाचा हिशेब करणाऱ्याला मधूनमधून एखादा दाणा हातात घेऊन पाहावा लागतो, एवढेच १८७७ सालाचे सांगणे आहे.