नाण्यावरचा दुसरा ठसा

आमच्या मुरबाडकडं जुन्या माणसांना गुप्तधनाचं भारी वेड. अमक्या बांधाखाली सात रांजण पुरलेत, वर नाग बसलाय, असं आजी सांगायची. एवढा पैसा आला कुठून, असं विचारलं की ती नाणेघाटाकडं हात करायची. "घाटानं आला की!"

आजीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे. रोमन साम्राज्यातली जहाजं तांबड्या समुद्रातून पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला येत. माल नाणेघाट चढून जुन्नर, पैठणला जाई. हिंदुस्थान दरसाल आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी कुरकुर रोमच्या प्लिनीनं लिहून ठेवलीय.

मग तो पैसा गेला कुठं? रोमन नाण्यांचे मोठे साठे सापडले ते जास्त करून दक्षिणेत, कोइमतूरच्या बाजूला. कल्याणच्या पाठीमागच्या आपल्या मुलखात फार थोडे.

याचा एक धागा नाशिकजवळ जोगलटेंभीला मिळतो. १९०६ साली तिथं चांदीच्या १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. रोमन चांदी वितळवून ती पाडली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर आपला ठसा मारला. कितीक नाण्यांवर खालचा नहपान अजून डोकावतो.

कोण हरलं, कोण जिंकलं, हे त्या साठ्यानं सांगितलं, कारण तो एकत्र हाती आला. सोनाराच्या मुशीत गेला असता तर नुसती चांदी उरली असती.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जिकडंतिकडं पाये खणतायत. जेसीबीच्या दातात उद्या एखादं मडकं आलं तर? १८७८ चा कायदा सांगतो, की जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सापडणाऱ्याचा हक्कही त्यात धरलाय. तेव्हा असं काही दिसलं तर घासू नका, आपसात वाटू नका. मातीसकट तसंच राहू द्या आणि आधी कचेरीत वर्दी द्या.