बाबांच्या येझदीचं इंजिन

गेल्या दिवाळीत बाबांची येझदी मोटरसायकल मी अंगणात खोलली. हेडचे चार नट सोडवून ब्लॉक वर उचलला, तसा काजळीने माखलेला पिस्टन समोर आला.

येझदीचं घराणं मूळचं झेकोस्लोव्हाकियातलं. १९२९ मध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी जर्मन वांडरर मोटरसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘जावा’ घडवलं. १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून भारतीय गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्यांवर येझदी हे नाव आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला आणि या गाड्या जगवण्याचं काम गल्लीतल्या मिस्त्रींनी आणि लेथवाल्यांनी अंगावर घेतलं.

येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची दोन्ही टोकं तिच्यापाशी नीट बसवावी लागतात, नाहीतर रिंग फिरते आणि टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. हे मला बाबांनी शिकवलं. ब्लॉक बोअर करून आणला, नवा पिस्टन घातला, ऑइल सील बदलले. तिसऱ्या किकला गाडी बोलली.

तुमच्या घरी अशी गाडी धूळ खात असेल, तर भंगारात देऊ नका. एकदा खोलून बघा.