राइशटागवरील ध्वज आणि खाल्देई यांचा कॅमेरा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचे प्रतीक ठरलेल्या मोजक्या छायाचित्रांत बर्लिनमधील राइशटागच्या छतावर सोव्हिएत ध्वज फडकविणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र अग्रस्थानी आहे. २ मे १९४५ रोजी येवगेनी खाल्देई यांनी ते टिपले.

खाल्देई यांचा जन्म १९१७ साली युक्रेनमधील युझोव्का (आजचे दोनेत्स्क) येथे ज्यू कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना उसळलेल्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्यांची आई मारली गेली. तिच्या शरीरातून आरपार गेलेली गोळी त्यांनाही लागली होती. आजीच्या चष्म्याच्या भिंगापासून त्यांनी बालपणीच कॅमेरा बनविला. पुढे ते ‘तास’ या सरकारी वृत्तसंस्थेत छायाचित्रकार झाले.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केल्याची घोषणा मॉस्कोच्या रस्त्यावर ध्वनिक्षेपकावरून ऐकणारे नागरिक त्यांनी टिपले. त्यात ना रणांगण आहे, ना शस्त्र. आहेत ते केवळ स्तब्ध चेहरे. १९४४ साली मुक्त झालेल्या सेवास्तोपोलमध्ये भग्न इमारतींच्या सान्निध्यात ऊन खात पहुडलेली माणसेही त्यांनी टिपली. युद्धाच्या छायेतही दैनंदिन जीवन कसे चालू राहते, याचा हा बोलका पुरावा होय. याच युद्धात खाल्देई यांचे वडील आणि तीन बहिणी नाझींकडून मारल्या गेल्या.

राइशटागचे छायाचित्र मात्र उत्स्फूर्त नव्हते. इवो जिमा बेटावरील अमेरिकी ध्वजाचे जो रोझेन्थाल यांचे छायाचित्र खाल्देई यांच्या डोळ्यांसमोर होते. लाल टेबलक्लॉथपासून शिवून घेतलेला ध्वज त्यांनी मॉस्कोहून सोबत नेला आणि तेथे भेटलेल्या सैनिकांना छतावर उभे केले. प्रसिद्धीपूर्वी त्यात फेरफारही झाले. एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत असल्याने लुटीचा संशय येऊ नये म्हणून एक घड्याळ पुसण्यात आले. पार्श्वभूमीवरील धूर गडद करण्यात आला. १३ मे १९४५ रोजी ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले.

मग हे छायाचित्र खोटे म्हणावे काय? प्रसंग घडवून आणलेला असला, तरी उद्ध्वस्त शहर खरे होते आणि विजयही खरा होता. खोडले गेले ते विजेत्यांच्या वर्तनाविषयी प्रश्न उपस्थित करणारे घड्याळ. म्हणूनच ऐतिहासिक छायाचित्र पाहताना चौकटीत काय आहे याबरोबरच तेथून काय काढून टाकले गेले, हेही तपासावे लागते.

न्यूरेंबर्ग खटल्यात गोअरिंगसारख्या आरोपींची छायाचित्रे खाल्देई यांनी घेतली. तरीही १९४८ साली, देशात ज्यूविरोधी वातावरण तापत असताना, ‘तास’मधून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर ‘प्रावदा’सह विविध नियतकालिकांसाठी त्यांनी काम केले. ऑक्टोबर १९९७ मध्ये मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.