वॉशिंग्टनची काळी कवळी आणि न डागाळणारे दात

#थ्रेड

१/ डिसेंबर १७९८. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांचे पत्र आले. दुरुस्तीसाठी आलेली कवळी फारच काळी पडली आहे. एक तर ती पोर्ट वाइनमध्ये बुडवून ठेवली असावी किंवा आपण ती लावून पोर्ट पीत असावात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. माजी राष्ट्राध्यक्षांना असे सुनावणारा माणूस दंतवैद्यच असू शकतो!

२/ वॉशिंग्टनचे दात लाकडी होते, ही निव्वळ दंतकथा (शब्द इथे दोन्ही अर्थांनी चपखल बसतो). ग्रीनवुड मुख्यतः पाणघोड्याच्या सुळ्यातून दात कोरत. हा पदार्थ सच्छिद्र, म्हणून डाग शोषून घेणारा. पण त्याच कारणाने त्याचा रंग बदलताही येई. काळेपणा खडू आणि पाइन किंवा सीडरच्या काडीने घासून काढावा, आणि दात अधिक पिवळसर हवे असतील तर मांसाच्या रश्श्यात भिजवावेत, असा सल्ला ग्रीनवुड यांनी त्याच पत्रात दिला आहे. हो, पिवळसर! अतिशुभ्र दात खोटे दिसतात, हे तेव्हाही ठाऊक होते.

३/ या डागांना कंटाळलेला आणखी एक गृहस्थ फ्रान्समध्ये होता: अलेक्सी दुशातो, व्यवसायाने औषधविक्रेता. औषधे चाखून चाखून त्याच्या कवळीला डाग पडत आणि दुर्गंधी येई. दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र स्वच्छच राहत. मग दातच त्या मातीचे का नसावेत? १७७४च्या सुमारास त्याने भट्टीत भाजलेली कवळी करून पाहिली. माती भाजताना आक्रसते, त्यामुळे माप चुकत राहिले.

४/ दंतवैद्य निकोला दुब्वा द शेमाँ यांनी ही कृती सुधारली, स्वतःच्या नावे हक्क मिळवला आणि क्रांतीच्या धामधुमीत इंग्लंड गाठले. त्यांच्या मालाची ख्याती एकाच गुणावर उभी होती: हे दात कुजत नाहीत, डागाळत नाहीत. १८११मध्ये टॉमस रोलँडसनने त्यांच्यावर व्यंगचित्र काढले. त्यात एक स्थूल बाई तोंड उघडून शुभ्र दंतपंक्ती मिरवते आहे आणि भावी गिऱ्हाईक ती डोळे ताणून न्याहाळते आहे.

५/ आता १९२०-३०च्या दशकांतील हॉलिवूड. चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे बसवत. ते कवळी चिकटवण्याच्या पुडीने तात्पुरते लावलेले असत. चित्रीकरण संपले की निघत. पापुद्रा दाताला कायमचा धरेना. १९५५मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर प्लास्टिक घट्ट बसवण्याची रीत दाखवली, आणि १९८०च्या दशकात पोर्सेलीनचे पापुद्रेही (आजचे व्हेनिअर) पक्के बसू लागले.

६/ त्याच दशकाच्या शेवटी, १९८९मध्ये, हेवुड आणि हेमन यांनी रात्री साच्यात औषध भरून दात उजळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. औषध होते १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून आत झिरपते आणि रंगद्रव्ये फोडते. अर्थात झिरपण्याजोगा दात असेल तरच.

७/ इथे दुशातोचा विजय अडचण होऊन समोर येतो. काचेसारख्या पोर्सेलीनमध्ये वाइन शिरत नाही, तसे पेरॉक्साइडही शिरत नाही. शेजारचे नैसर्गिक दात उजळतात, कॅप आहे त्याच छटेची राहते. कॉम्पोझिट भरणाचे वरवरचे डाग पॉलिशने निघतात, मूळ रंग बदलत नाही. खरखरीत पूड घासणे तर घातकच: चकाकी ओरखडली की तिथे डाग अधिक धरतात. एक पळवाट आहे. व्हेनिअर पातळ असेल तर खालच्या दाताचा रंग त्यातून डोकावतो; तो दात मागच्या बाजूने उजळला तर थोडा फरक दिसू शकतो.

८/ हे सारे वाचण्याचे कारण वैयक्तिक आहे. शाळेत पडून तुटलेल्या माझ्या पुढच्या दातावर कॅप आहे. ताईच्या लग्नाआधी दात उजळून घ्यावेत म्हणून गेले, तर डॉक्टरांनी आधी रंगपट्टी काढली. त्यांचे म्हणणे असे: सगळे दात उजळल्यावर ही कॅपच पिवळी दिसेल, मग शाबूत असूनही ती बदलावी लागेल. क्रमही ठरलेला: आधी ब्लीचिंग, मग सुमारे दोन आठवडे थांबणे, कारण तोवर रंग स्थिरावत नाही आणि दातात उरलेला ऑक्सिजन चिकटद्रव्याची पकड कमकुवत करतो. त्यानंतर नव्या रंगाची कॅप.

९/ नव्या कॅपचा खर्च ऐकून मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "फोटोत तोंड मिटून हस." तूर्त तेच ठरले आहे.